बांधा आधी, रंग नंतर : सेमाडोहच्या रानातील लहान गायक पक्ष्यांची ओळख

सेमाडोह हे चिखलदरा तालुक्यातील गाव परतवाडा-धारणी रस्त्यावर, सिपना नदीच्या खोऱ्यात वसलेले असून त्याच्या चहूबाजूंनी मेळघाटचे सागवानी रान पसरलेले आहे. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प जाहीर झाले त्यांत मेळघाटचा समावेश होता, आणि तेव्हापासून येथे येणाऱ्या पाहुण्याची नजर बहुधा वाघाच्या पाऊलखुणा, गव्यांचा कळप किंवा मोहाखालचे अस्वल शोधत असते. याच रानात दसऱ्याच्या आगेमागे जे लहान पक्षी येऊन दाखल होतात आणि होळीनंतर हळूहळू निघून जातात, त्यांचे वजन अवघे सहा ते बारा ग्रॅम भरते, त्यांचा रंग बहुतेक वेळा मळकट हिरवा किंवा फिकट तपकिरी असतो, आणि त्यांच्यातील काही बाल्टिक समुद्राकाठच्या किंवा पूर्व युरोपातल्या अरण्यांतून येथवर उडत आलेले असण्याची शक्यता असते. या पक्ष्यांची जात रानात, हातात न धरता, केवळ दुर्बिणीतून पाहून कशी ठरवायची हा पक्षिशास्त्रातील एक जुना आणि अजूनही पुरता न सुटलेला प्रश्न आहे, आणि तो समजून घ्यायला सेमाडोहसारखी जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

गायक पक्षी ही संज्ञा शास्त्रात नेमक्या अर्थाने वापरली जाते. जगातील सुमारे अकरा हजार पक्षिजातींपैकी निम्म्याहून अधिक जाती ज्या एका मोठ्या गणात मोडतात, त्या गणातील पक्ष्यांच्या पायाची तीन बोटे पुढे व एक मागे असते आणि फांदीवर बसताच ती आपोआप घट्ट मिटतात. या गणातील ज्या शाखेचे स्वरयंत्र अनेक जोड्या स्नायूंनी नियंत्रित होते आणि ज्यांची पिले आपले गाणे ऐकून शिकतात, ती शाखा म्हणजे गायक पक्षी. बुलबुल, कोतवाल, वटवट्या, माशीमार, तीरचिमणी, इतकेच काय पण कावळासुद्धा याच शाखेत येतो, आणि पावसाच्या तोंडावर मेळघाटात येऊन घरटे करणारा, दोन सुरांची शीळ घालणारा देखणा नवरंग मात्र त्याच गणातला असूनही गायक पक्षी नव्हे, कारण त्याचे स्वरयंत्र वेगळ्या, अधिक साध्या घडणीचे आहे.

पक्षी ओळखताना नवशिक्याचे लक्ष प्रथम रंगाकडे जाते, आणि नर पक्ष्यांच्या बाबतीत ते पुष्कळदा पुरतेही. पण रंग ही पक्ष्याच्या अंगावरची सर्वांत अस्थिर गोष्ट आहे, आणि त्यामागे ठोस कारणे आहेत. सागाच्या रुंद पानांतून गाळून आलेला प्रकाश हिरवा असतो, त्यामुळे त्याखाली बसलेल्या राखाडी पक्ष्याच्या पाठीवर हिरवी झाक चढते. सकाळच्या तिरप्या उन्हात तीच पाठ पिवळसर दिसते, आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवर शेंड्यावर बसलेला पक्षी जवळपास काळाच भासतो. यात पिसांच्या झिजेची भर पडते. पीस ही मृत वस्तू असून एकदा वाढल्यावर ते दुरुस्त होत नाही, केवळ पीसगळीच्या वेळी, म्हणजे जुने पीस गळून नवे येण्याच्या ठरावीक काळात, ते बदलले जाते. मधल्या महिन्यांत ऊन, धूळ आणि फांद्यांचे घर्षण यांनी पिसांच्या कडा झिजतात, आणि फिकट कडा गडद भागापेक्षा लवकर झिजत असल्यामुळे कार्तिकात ठळक दिसणारी पंखावरची पांढरी पट्टी फाल्गुनात धाग्याएवढी उरते किंवा दिसेनाशी होते. वय आणि लिंग यांचा फरक तर वेगळाच.

बांधा मात्र बदलत नाही. चोचीची लांबी व रुंदी, डोक्याचा आकार, मिटलेल्या पंखाचे टोक शेपटीच्या मुळापासून किती पुढे जाते, शेपटी आखूड की लांब, तिचे टोक चौकोनी, गोल की दुभंगलेले, पाय बारीक की जाड, बसण्याची ढब उभी की आडवी, या गोष्टी पक्ष्याच्या जगण्याने घडवलेल्या असतात. उडता कीटक झेलणाऱ्या माशीमाराची चोच मुळाशी रुंद व चपटी असते आणि तिच्या कडेला केसांसारखी राठ पिसे असतात. पानांच्या खालून मावा व बारीक अळ्या टिपणाऱ्या वटवट्याची चोच सुईसारखी बारीक असते. दाणे फोडणाऱ्या पक्ष्याची चोच शंकूसारखी जाड असते. मेळघाटच्या खडकाळ, गवताळ उतारांवर दिसणारा युवराज हा भारिट कुळातला पक्षी याचे चांगले उदाहरण आहे : काळ्या अंगाचा आणि तांबूस पंखांचा नर कोणीही ओळखेल, पण त्याची मादी मळकट तपकिरी असून रंगावरून चंडोल किंवा तीरचिमणी यांच्यात सहज हरवते, आणि तिची जाड चोच व डोक्यावरचा टोकदार तुरा पाहिला की शंका राहत नाही. म्हणूनच अनुभवी निरीक्षक आधी पक्षी कोणत्या घराण्यातला हे बांध्यावरून ठरवतो आणि मगच रंगाच्या बारकाव्यांकडे वळतो. हा क्रम उलटला की चुका होतात.

कोतवालांच्या बाबतीत तर रंगाचा उपयोग आणखीच थोडा. पल्लवपुच्छ कोतवाल म्हणजे भृंगराज त्याच्या शेपटीच्या दोन लांब तारांवरून व त्यांच्या टोकांवरच्या पिसांच्या झुपक्यांवरून ओळखला जातो असे प्रत्येक पुस्तकात असते आणि ते खरेही आहे. परंतु या तारा पीसगळीत गळून पडतात, कधी तुटतात, आणि कोवळ्या पक्ष्याला त्या नसतातच. अशा वेळी कपाळावरचा पिसांचा झुपका, जड चोच आणि साध्या कोतवालापेक्षा भरलेला बांधा यांवर विसंबावे लागते. साधा कोतवाल व राखी कोतवाल या दोघांत शेपटीचा दुभंग, चोचीच्या कोपऱ्यातला पांढरा ठिपका (हा साध्या कोतवालाचा) आणि डोळ्याचा लाल रंग (हा प्रौढ राखी कोतवालाचा) एकत्र पाहावे लागतात, कारण कडक सावलीत राखाडी आणि काळा हा भेद डोळ्याला कळत नाही.

खरी कसोटी पर्णवटवट्यांची. पर्णवटवट्या म्हणजे झाडांच्या पानोऱ्यात राहणारे, चिमणीपेक्षा बरेच लहान, हिरवट पाठीचे आणि फिकट पोटाचे कीटकभक्षी पक्षी. भारतीय उपखंडात त्यांच्या दोन डझनांच्या आसपास जाती आढळतात आणि त्यांतील बहुतेक हिमालयात किंवा त्याहून उत्तरेला वीण करून हिवाळ्यात दक्षिणेकडे उतरतात. १७६८ मध्ये गिल्बर्ट व्हाइट या इंग्लंडमधील पाद्र्याने आपल्या गावाच्या परिसरातील अशा तीन दिसायला सारख्या पक्ष्यांचे वेगवेगळे आवाज ओळखून त्या तीन स्वतंत्र जाती असल्याचे दाखवले, तोपर्यंत त्यांना एकच समजले जात होते. भारतात या गटाकडे बारकाईने पाहणाऱ्यांत रेल्वेत अभियंता असलेले विल्यम ब्रूक्स यांचे नाव महत्त्वाचे आहे. त्यांनी १८७८ मध्ये ज्या जातीचे वर्णन केले तिला अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे नाव दिले, आणि ते ह्यूम म्हणजे पुढे १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारेच ह्यूम.

सिपनेच्या काठावरच्या अर्जुन, जांभूळ, करंज या सदाहरित किंवा उशिरा पाने गाळणाऱ्या झाडांत हिवाळ्यात जे पर्णवटवटे दिसतात त्यांत हिरवट पर्णवटवट्या बहुधा सर्वाधिक असतो. त्याला पाहताना नजर चोचीपासून शेपटीकडे न्यावी. वरची चोच गडद आणि खालची चोच जवळपास पूर्ण फिकट नारिंगी असते. डोळ्याच्या वर फिकट पिवळसर पट्टी असते, जिला पक्षिनिरीक्षक भुवई म्हणतात, ती लांब असून मागे मानेपर्यंत आणि पुढे चोचीच्या मुळापर्यंत पोचते. डोळ्यातून जाणारी गडद नेत्ररेषा तिला खालून उठाव देते. आणि पंखावर एकच बारीक फिकट पट्टी असते. ही पट्टी म्हणजे पंखातील मोठ्या उड्डाण पिसांच्या मुळांना झाकणाऱ्या आच्छादक पिसांच्या टोकांची ओळ. डोक्याच्या मध्यावर फिकट रेषा नाही ही गोष्टही तितकीच महत्त्वाची, कारण ज्या काही जातींत ती रेषा असते त्या एका नजरेत बाजूला काढता येतात. ह्यूमचा पर्णवटवट्या याच झाडावर असला तर तो किंचित लहान, गोल डोक्याचा आणि आखूड शेपटीचा दिसतो. त्याच्या पंखावर दोन पट्ट्या असतात, त्यांतील खालची रुंद व स्पष्ट असते, पंखाच्या आतल्या बाजूच्या पिसांना फिकट किनार असते, आणि चोच व पाय दोन्ही गडद असतात. जुन्या, झिजलेल्या पिसांच्या पक्ष्यात वरची पट्टी नाहीशी होते, तेव्हा फिकट किनार आणि चोचीचा रंग हेच आधार राहतात. तिसरा एक गंधकी पोटाचा पर्णवटवट्या आहे, त्याच्या पंखावर पट्टीच नसते, भुवईचा पुढचा भाग गडद पिवळा असतो आणि पोट मळकट पिवळे. पण त्याची सर्वांत मोठी खूण त्याच्या वागण्यात आहे, कारण तो शिलींध्रीप्रमाणे झाडाच्या बुंध्यावर आणि नदीकाठच्या खडकांवर सरपटत फिरतो, जे इतर दोघे सहसा करत नाहीत.

हिरवट पर्णवटवट्याने शास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ कामाला लावले आहे. क्लॉड टाइसहर्स्ट यांनी १९३८ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की तिबेटच्या पठाराभोवती या पक्ष्याचे समूह वलयासारखे पसरले आहेत, शेजारच्या दोन समूहांत फरक थोडा थोडा होत जातो, आणि वलयाची दोन टोके सायबेरियात एकत्र येतात तेव्हा ती एकमेकांशी बहुतांशी संकर न करता स्वतंत्र जातींसारखी वागतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने या मांडणीला बळ दिले. रानात उभ्या असलेल्या निरीक्षकाने यातून एवढे घ्यावे की पंखपट्टीची रुंदी किंवा पोटाचा पिवळेपणा यांसारखी एकेकटी खूण या गटात कधीच पुरेशी नसते.

बांध्याचा सर्वांत सूक्ष्म आणि सर्वांत विश्वसनीय भाग म्हणजे मिटलेला पंख. पक्षी बसलेला असताना अंगालगतची तीन-चार आखूड पिसे, ज्यांना तृतीयक पिसे म्हणतात, इतरांवर पांघरलेली असतात आणि त्यांच्या खालून पंखाच्या टोकाची लांब प्राथमिक पिसे मागे डोकावतात. जेवढा भाग डोकावतो त्याला प्राथमिक पिसांचा पुढावा म्हणता येईल. लांबच्या स्थलांतराला टोकदार, लांब पंख उपयोगी पडतात, म्हणून असा पुढावा पुष्कळदा त्या जातीच्या प्रवासाची लांबी सांगतो. घाणेरीच्या झुडपांत हिवाळाभर ‘चक्, चक्’ असा कोरडा आवाज करत फिरणारा ब्लिथचा बोरू वटवट्या याच कसोटीवर ओळखला जातो : त्याचा पुढावा तृतीयक पिसांच्या दिसणाऱ्या लांबीपेक्षा बराच कमी असतो, तर त्याच्यासारखाच तपकिरी पण आफ्रिकेत हिवाळा घालवणारा युरोपातला दलदल वटवट्या पाहिला तर त्याचा पुढावा जवळजवळ तेवढाच लांब दिसतो. ब्लिथच्या पक्ष्याची चोच लांब, कपाळ उतरते आणि भुवई आखूड, मुख्यत्वे डोळ्याच्या पुढे ठळक असते. एडवर्ड ब्लिथ हे कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक होते, आणि त्यांनी या जातीचे वर्णन १८४९ मध्ये केले.

मेळघाट उतरून अकोला-अमरावतीच्या काळ्या मातीच्या सपाटीवर आले की प्रश्न बदलतो. तेथील बाभूळबनांत आणि बांधांवरच्या झुडपांत हिवाळ्यात दोन फिकट, राखाडी-तपकिरी वटवटे येतात, ज्यांना विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बहुतेक ग्रंथ एकाच जातीचे प्रकार मानत होते. त्यांतील एकाला कर्नल विल्यम साइक्स यांचे नाव आहे. मुंबई इलाख्यात काम केलेल्या साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिच्यात या पक्ष्याचे वर्णन केले, म्हणजे ही जात जगाला आपल्याच भूमीतून माहीत झाली. साइक्सचा वटवट्या लांब चोचीचा, लांब शेपटीचा आणि अंगाने एकसारखा राखट असतो. या जोडीतला दुसऱ्या जातीचा वटवट्या आखूड चोचीचा, तृतीयक पिसांच्या मध्यभागी गडद, आणि भुवईच्या वर पुसटशी काळसर कड असलेला असतो. रंगात फरक नगण्य आहे. चोच आणि शेपटी यांची लांबी डोळ्याने मोजायला शिकल्याशिवाय या दोघांत निवड करता येत नाही.

सेमाडोहमधील हिवाळी पाहुण्यांत ज्याला पाहून सर्वाधिक आनंद होतो आणि ज्याच्या नावाबाबत सर्वाधिक घाई होते, तो पक्षी म्हणजे लाल कंठाची लिटकुरी. हा माशीमार सावलीतल्या खालच्या फांदीवर बसतो, शेपटी वर उचलून झटकतो, आणि तिच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरे चौकोन चमकतात. पूर्वी एकच मानल्या गेलेल्या या पक्ष्याच्या आता दोन जाती धरल्या जातात : एक मध्य व पूर्व युरोपात वीण करणारी आणि चक्क आग्नेयेकडे प्रवास करून भारतात येणारी, आणि दुसरी सायबेरियाच्या तैगा अरण्यांतली, जी उरलपासून कामचाटकापर्यंत वीण करते. पहिली पश्चिम व द्वीपकल्पीय भारतात अधिक, दुसरी पूर्वेकडे अधिक. मध्य भारतात दोघींच्या हिवाळी प्रदेशांच्या कडा एकमेकींवर येतात, म्हणून मेळघाटात दिसणाऱ्या प्रत्येक लिटकुरीला तपासून पाहणे आवश्यक ठरते. युरोपीय जातीच्या प्रौढ नराचा नारिंगी रंग कंठावरून छातीवर ओघळतो आणि हिवाळ्यातही टिकतो. तैगा जातीत तो कंठापुरताच असून त्याच्या खाली राखाडी पट्टा असतो, आणि हिवाळ्यात नराचा कंठ फिकट होतो. पण दिसणाऱ्या पक्ष्यांत माद्या आणि पहिल्या वर्षाचे पक्षी अधिक असतात, त्यांना नारिंगी रंग नसतोच.

तेथे दुर्बीण स्थिर ठेवून तीन जागा पाहाव्या लागतात. पहिली चोच : तैगा जातीची चोच पूर्ण काळी असते, युरोपीय जातीत खालच्या चोचीचे मूळ फिकट, मांसल रंगाचे असते. दुसरी, शेपटीच्या मुळावरची वरची आच्छादक पिसे : तैगा जातीत ती कोळशासारखी काळी, शेपटीपेक्षाही गडद असतात, तर युरोपीय जातीत ती शेपटीपेक्षा गडद नसतात आणि पुष्कळदा तपकिरीकडे झुकतात. ही खूण पक्षी पाठमोरा बसून शेपटी उचलतो त्या क्षणीच दिसते, आणि लिटकुरी ते वारंवार करते हे निरीक्षकाचे भाग्य. तिसरी, छातीचा रंग : युरोपीय पक्ष्याची छाती उबदार, पिवळसर बदामी, तैगा पक्ष्याची थंड, राखट पांढरी. या तिसऱ्या खुणेवर प्रकाशाचा परिणाम होत असल्याने तिचा मान शेवटचा आहे, आणि पहिल्या दोन खुणा न दिसता केवळ तिसरीवरून नाव देणे योग्य नव्हे.

रानातील अशी ओळख किती मोलाची असू शकते हे याच सातपुड्यात एका पक्ष्याने दाखवून दिले आहे, जरी तो गायक पक्षी नव्हे. रानपिंगळ्याचे वर्णन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले, त्याचा शेवटचा खात्रीचा नमुना १८८४ मध्ये खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी मिळवला, आणि नंतर शंभरहून अधिक वर्षे तो दिसला नाही. अमेरिकेतील पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील कातडी तपासून संग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहॅगन यांचा १९१४ चा म्हटला जाणारा नमुना चोरलेला व खोट्या नोंदीचा असल्याचे उघड केले, खऱ्या नमुन्यांवरून साध्या पिंगळ्यापासून त्याचे फरक पक्के केले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग व डेव्हिड अॅबट यांच्यासह शहाद्याजवळ जिवंत पक्षी शोधला. ठिपके नसलेला माथा, पंखांवरचे रुंद पट्टे, मोठी चोच आणि पिसांनी भरगच्च झाकलेले पाय, म्हणजे पुन्हा बांधा आणि पिसांची मांडणीच, या खुणांनी ती ओळख पटली. पुढच्या काही वर्षांत मेळघाटातही हा पक्षी आढळला आणि आज हे रान त्याच्या मुख्य आश्रयस्थानांपैकी एक आहे.

मराठीत या विषयाची पायाभरणी मारुती चितमपल्ली यांनी केली. मेळघाटात वनाधिकारी म्हणून काम केलेल्या चितमपल्लींनी रानातल्या लोकांकडून पक्ष्यांची नावे गोळा करून ‘पक्षीकोश’ सिद्ध केला, आणि जून २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या कोशामुळे नावे मिळाली. प्रत्येक जातीच्या पिसांचे व बांध्याचे बारकावे मराठीतून सविस्तर सांगणारा, चित्रांसह असा ग्रंथ सेमाडोहच्या कोरकू मार्गदर्शकांच्या हाती असणे ही आजची खरी गरज आहे, कारण या रानात वर्षभर असणारे डोळे त्यांचेच आहेत.

या पक्ष्यांच्या निरीक्षणासाठी दिवाळीचे आठवडे सर्वांत अनुकूल. पक्षी नुकतेच आलेले असतात, पुष्कळांची पिसे ताजी आणि पट्ट्या ठळक असतात, आणि साग अजून पर्णहीन झालेला नसल्यामुळे ते नदीकाठच्या झाडांत एकवटलेले नसले तरी सकाळच्या उन्हाच्या कडेला हमखास भेटतात. या सुट्टीत सेमाडोहला जाणाऱ्याने वहीत पक्ष्याचे नाव लिहिण्याआधी चोच, भुवई, पंखपट्टी, पंखाचा पुढावा, शेपटी आणि पाय या क्रमाने जे दिसले ते लिहावे, जे दिसले नाही ते ‘दिसले नाही’ असे लिहावे, आवाजाची ध्वनिफीत वाजवून पक्ष्याला जवळ बोलावू नये, आणि खुणा अपुऱ्या असतील तर ‘पर्णवटवट्या, जात अनिश्चित’ एवढीच नोंद करावी. तारीख, जागा आणि झाड यांसह केलेली अशी नोंद चुकीच्या नावाच्या नोंदीपेक्षा अभ्यासकाला कितीतरी अधिक उपयोगी पडते.